द्राक्षाचा सौदा: काय बोलायचं, काय पोटात ठेवायचं

नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी, चांदवडकडे द्राक्षाचा सौदा बहुतेक बागेतच होतो. एकरी 100 क्विंटल माल धरला, तर किलोमागे एक रुपया सुटला की दहा हजार गेले. आणि तो रुपया बऱ्याचदा बोलण्यात सुटतो.

गळती व्यापारी येण्याआधीच सुरू होते. औषधाच्या दुकानात, चहाच्या टपरीवर आणि मोबाइलच्या स्टेटसवर. घडाचा फोटो टाकून खाली ‘18 ब्रिक्स (म्हणजे गोडी), माल तयार’ लिहिलं, की बाग आता फार दिवस थांबू शकत नाही हे सगळ्या एजंटांना कळतं. फोटो सौदा झाल्यावर टाकायला कुणाची हरकत नाही. मजुरांच्या मुकादमालाही खुड्याची, म्हणजे काढणीची, तारीख आधी सांगू नका. त्याची टोळी चार गावांत फिरते, बातमीही तिच्यासोबत फिरते.

31 मार्चच्या आत सोसायटीचं कर्ज भरायचं आहे, घरात लग्न आहे, शेजारची बाग परवाच विकली गेली, हे तिन्ही विषय बागेत काढायचे नाहीत. ‘यंदा लग्न वगैरे काय?’ हा प्रश्न व्यापारी सहज विचारल्यासारखा विचारतो, पण सहज विचारत नाही. ‘चाललंय’ एवढं उत्तर पुरतं. घरातल्यांनाही आधी सांगून ठेवा, नाहीतर चहा देताना म्हातारे सगळं सांगून मोकळे होतात.

दर आधी व्यापाऱ्याला बोलू द्या. तो 35 म्हणाला की शेतकऱ्याला गप्प राहवत नाही आणि ‘निदान 38 तरी द्या’ निघून जातं. तिथून पुढे 38च्या वर जाता येत नाही. ‘35 ते 40’ असं तर कधीच सांगू नये, त्याला फक्त 35 ऐकू येतात. दर ऐकल्यावर घडाकडे बघत राहा. मग ‘घरात विचारून सांगतो’. बोलणारा एकच ठेवा. भाऊ-भाऊ दोन आकडे बोलले की सौदा तिथेच घसरतो.

आता उलट बाजू. शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली, काढणीपूर्व मुदत (फवारणी आणि काढणीत ठेवायचं अंतर) संपली का, कोणत्या ओळींत तडे गेलेत, मिलीबग ही कीड कुठे आहे, हे विचारायच्या आत सांगा. निर्यातीच्या मालाची रेसिड्यू (औषधाचा अंश) तपासणी होते, तिथे लपत काही नाही. लोकल मालात तडे दडवले तर खुड्याच्या दुसऱ्या दिवशी व्यापारी दर पाडतो किंवा काढणी थांबवून निघून जातो. अर्धवट खुडलेल्या बागेला दुसरा व्यापारी धड दर देत नाही, कारण चांगले घड आधीच गेलेले असतात. दोष आधी सांगितला तर फार तर दर थोडा कमी येतो.

सौदा ठरला की कागद करा: दर, कोणता माल बाजूला काढायचा, मजुरी कुणाची, कॅरेटचं वजन किती धरायचं, पैसे कधी. इथे लाजून गप्प बसणं महागात पडतं. रोजच्या काट्याची चिठ्ठी आणि गाडीच्या नंबरचा फोटो ठेवा. शक्यतो गाडी हलण्याआधी रक्कम खात्यावर आली पाहिजे. पुढच्या तारखेच्या चेकवर माल सोडू नका.

दर गावात सांगावा का? काढणी संपेपर्यंत नको. लोक अब्रूसाठी आपला दर दोन-चार रुपये वाढवूनच सांगतात, त्यावर आपला सौदा मोडायला गेलेल्याची बाग हमखास अडकते.

पैसे बुडाले तर मात्र झाकून ठेवू नका. ‘गावात हसं होईल’ म्हणून शेतकरी गप्प बसतो आणि तोच व्यापारी पुढच्या शिवारात दुसरी बाग खुडतो. 2020मध्ये नाशिक परिक्षेत्रात पोलिसांनी अशा व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीम घेतली, तेव्हा तक्रारदार पुढे आल्यानेच काहींचे पैसे परत मिळाले. पैसे बुडतील त्याच आठवड्यात सौद्याचा कागद, चिठ्ठ्या आणि फोटो घेऊन ठाण्यात जा, आणि त्याने आणखी कुणाकुणाचा माल नेलाय ते विचारून त्यांनाही सोबत घ्या.