राज्याचे आरोग्यकवच पुण्यात प्रत्यक्षात कसे मिळवावे

२८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्राने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत योजना यांची एकत्रित व्याप्ती राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत वाढवली. फुले योजनेतील कुटुंबामागे दीड लाख रुपयांचे वार्षिक संरक्षण पाच लाखांवर गेले आणि १ जुलै २०२४ पासून ही सुधारित योजना अमलात आली. त्याआधी मुख्यतः पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांपुरता असलेला लाभ आता शुभ्र शिधापत्रिकाधारकांनाही मिळतो. तरीही पुण्यात नोकरदार, छोटे दुकानदार, सोसायट्यांत राहणारी निवृत्त जोडपी अशी कितीतरी माणसे ‘ही योजना गरिबांची, आपली नव्हे’ असे धरून चालतात आणि ऑपरेशनचा खर्च ठेवी मोडून भागवतात. माझ्या मते या धोरणातील सर्वांत मोठी त्रुटी रकमेची नाही. हक्क मागणाऱ्यालाच मिळतो, तोही दाखल होतानाच मागितला तर, ही खरी अडचण आहे. म्हणून तयारी आजारपणाआधी करावी.

पहिले काम शिधापत्रिकेचे. कपाटातील शिधापत्रिका काढून तिच्यावरील प्रत्येक नाव आधारकार्डाशी अक्षरशः ताडून पाहावे. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव चढवलेले नसते, जन्मलेले मूल राहून गेलेले असते, एका कागदावर ‘दत्तात्रय’ तर दुसऱ्यावर ‘दत्ता’ असते, आणि ऐन वेळी या एवढ्याशा फरकावरून नोंदणी अडते. दुरुस्तीसाठी आपल्या भागातील अन्नधान्य वितरण विभागाच्या परिमंडळ कार्यालयात अर्ज करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. शुभ्र शिधापत्रिका धान्यासाठी लागत नाही म्हणून अनेकांनी ती वर्षानुवर्षे अद्ययावत केलेली नाही. त्यांनी हे काम आधी हाती घ्यावे. शिधापत्रिकाच नसेल, तर अधिवासाचा पुरावा तयार ठेवावा. घरात सत्तरी ओलांडलेले कोणी असेल, तर त्यांचे आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे आयुष्मान भारत योजनेचे ज्येष्ठांसाठीचे कार्ड, वेगळे काढून घ्यावे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून हे कार्ड उत्पन्नाची अट न घालता मिळते.

दुसरी गोष्ट, या कवचात काय येते आणि काय येत नाही हे नीट समजून घ्यावे. २०२३ च्या निर्णयात १,३५६ उपचारांची यादी ठरली. हृदयशस्त्रक्रिया, कर्करोगाची केमोथेरपी, डायलिसिस यांसारखे मोठे खर्च तीत आहेत आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठीची मर्यादा तेव्हा साडेचार लाखांपर्यंत ठरली. परंतु बाह्यरुग्ण विभागातील तपासणी आणि मधुमेह-रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या तीत नाहीत. सर्वसामान्य कुटुंबाचा दरमहाचा वैद्यकीय खर्च नेमका याच गोष्टींवर होत असल्याने, सार्वत्रिक आरोग्यसेवा म्हणवणाऱ्या धोरणातील ही उणीव मला गंभीर वाटते. या रोजच्या खर्चासाठी महापालिकेचे दवाखाने आणि ‘आपला दवाखाना’ यांचाच आधार घ्यावा लागतो.

रुग्णालय निवडताना ते योजनेत अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेले, आहे का, एवढेच विचारून थांबू नये. एखादे रुग्णालय अंगीकृत असते, पण फक्त काही विशेष शाखांसाठी. शिवाय यादीतील काही उपचार शासकीय रुग्णालयांसाठी राखीव असतात. म्हणून योजनेच्या १५५३८८ या मदत क्रमांकावर फोन करून आजाराचे नाव सांगावे आणि तो विशिष्ट उपचार पुण्यात कोठे होतो, हे विचारावे. रुग्णालयात पोहोचल्यावर प्रथम आरोग्यमित्राच्या, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलाशी जावे, अनामत रक्कम भरायच्या खिडकीकडे नंतर. शिधापत्रिका व छायाचित्र असलेले ओळखपत्र पाहून आरोग्यमित्र नोंदणी करतो, डॉक्टरांनी उपचार ठरवल्यावर रुग्णालय ऑनलाइन पूर्वपरवानगी मागते आणि ती मिळाल्यावर उपचार रोखरहित होतात. ठरलेल्या दरात तपासण्या, औषधे, जेवण आणि घरी सोडल्यानंतरचा काही दिवसांचा पाठपुरावा धरलेला असतो, म्हणून ‘हे इंजेक्शन बाहेरून आणा’ असे सांगितले गेले, तर ते पॅकेजमध्ये का नाही, हे तिथल्या तिथे विचारावे. तातडीच्या वेळी दूरध्वनीवरून परवानगी घेऊन उपचार सुरू करता येतात आणि कागदपत्रे मागाहून देता येतात. एक गोष्ट मात्र घरातील प्रत्येकाला सांगून ठेवावी: आधी स्वतः पैसे भरून नंतर ते योजनेतून परत मिळवण्याची सोय नाही.

रुग्णालय योजनेत नसले, तर ते धर्मादाय न्यासाचे आहे का, हे पाहावे. पुण्यातील अनेक मोठी रुग्णालये अशीच आहेत. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याचे कलम ४१ अअ आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात, तसेच एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. निर्धनांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार रुपये आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका घेऊन रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाला भेटावे आणि अर्ज लेखी द्यावा. रिकाम्या खाटांची माहिती धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर पाहता येते. ‘खाट शिल्लक नाही’ असे तोंडी ऐकून परतण्यापूर्वी ती अवश्य पाहावी.

शासकीय रुग्णालयांतही एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सर्व सेवा नि:शुल्क आहेत. औंधचे जिल्हा रुग्णालय या विभागाचे, तर ससून वैद्यकीय शिक्षण विभागाचे. त्यामुळे तो निर्णय ससूनला लागू होत नाही. तेथे मोठ्या उपचारांसाठी फुले योजनेतच नोंदणी करून घ्यावी.

योजनेचा लाभ नाकारला गेला, तर कारण लेखी मागावे. पैसे घेतले गेले असतील तर प्रत्येक पावती, औषधांची चिठ्ठी आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे, मदत क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्यावा आणि त्यानंतर योजनेच्या जिल्हा समन्वयकांकडे अर्ज द्यावा. धर्मादाय रुग्णालयाविरुद्धची तक्रार पुण्याच्या सहधर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात करायची असते. दोन्ही ठिकाणी अर्जाची दुसरी प्रत नेऊन तिच्यावर तारखेसह पोच घ्यावी.