बिगि म्हणजे घाई नव्हे

आमच्या वडगावच्या तालमीत वस्ताद कानडी बोलणारे आणि पोरं बहुतेक मराठी. मी जोर काढायला लागलो की ते ओरडायचे, "बिगि! बिगि!" मी आपला बिगीबिगी, आणखी भराभर. शेवटी पाठीत धपाटा बसला तेव्हा कळलं, कानडीत बिगि म्हणजे घट्ट. ते अंग आवळायला सांगत होते आणि मी घाई करत होतो.

आता पन्नाशी आली. तालीम सुटली, घरी दोन माग आहेत. लाईट गेली, माग थांबले की मधल्या बोळात वीस मिनिटं अंग कसून घेतो. साधन काही लागत नाही.

आधी उभ्या उभ्या एक करून बघा. उजवी मूठ साधी मिटा आणि डाव्या हातानं दंड चाचपा. मऊच लागेल. आता मूठ अशी आवळा की पेरं पांढरी पडली पाहिजेत. मनगट, दंड, खांदा, पार काखेपर्यंत ताठ होतं की नाही? आवळली तर नुसती मूठ. मज्जातंतूंची चेतना एका भागातून शेजारच्या भागात पसरते, हे चार्ल्स शेरिंग्टननं मांडलं होतं. १९३२ च्या वैद्यकातल्या नोबेलचे जे दोन मानकरी, त्यातला हा एक. वस्तादांना त्याचं नावही ठाऊक नव्हतं, धपाट्यातून शिकवायचे तेच.

आता जोर. तालमीतला डुबकीचा नव्हे, सरळ अंगाचा, पोरं ज्याला पुशअप म्हणतात तो. तळहात खांद्यांखाली, बोटं पसरून फरशी धरल्यासारखी. तळवे जागचे हलवायचे नाहीत, पण बाहेरच्या बाजूला पिळायचे, घट्ट बसलेलं झाकण फिरवावं तसे. कोपरं आपोआप अंगालगत येतात. गुडघ्यांच्या वाट्या वर ओढा, कुल्ले आवळा. पोट मात्र आत ओढू नका, सगळे तिथंच चुकतात. कुणी बुक्की मारणार आहे असं समजून ते टणक करा.

असं आवळलेलं अंग पाच मोजत खाली न्या. छाती फरशीपासून मूठभर उंचीवर आली की दोन मोजेपर्यंत थांबा, मग वर. वर येताना दातांतून "स्स्स" करत श्वास सोडा. मी एकदा श्वास कोंडून नेट लावला, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मागाचा खांब धरून खाली बसलो. कोंडल्यानं रक्तदाब एकदम चढतो. ज्यांना बीपीचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नये.

एका वेळी पाचच जोर. दोन-तीन मिनिटं पूर्ण विसावा, असं चार वेळा, एक दिवसाआड. तालमीतल्या पोराला हे पोरखेळ वाटेल. माझा भाचा एका दमात शंभर काढतो. या रीतीनं सहाव्याला त्याची कंबर लोंबली. कंबर सैल पडली की थांबायचं, पुढचे मोजायचेच नाहीत. खरं तर आणखी दोन निघतील एवढं शिल्लक असतानाच उठावं. सैल ताण्यावर कापडाला झोळ पडतो, पण फार ओढला तर धागा तुटतो, हे मागवाल्याला सांगायला नको.

बैठकांनाही हेच: अनवाणी, पायाच्या बोटांनी जमीन धरून, दोन्ही मुठी आवळून, सावकाश. बारला लोंबकळायची सोय असेल तर आधी बार मुरगाळल्यासारखा धरा, मगच वर ओढा.

पाच सोपे वाटायला लागले की आकडा वाढवू नका, काम अवघड करा. पाय आधी विटेवर, मग पहिल्या पायरीवर, मग दुसऱ्या. एका हाताचा जोर हवा असेल तर उलटं, हात उंचावर: आधी कट्ट्यावर, मग स्टुलावर, मग खाली खाली. दुसरा हात पाठीवर, पण त्याचीही मूठ आवळलेली; ती सोडली की खांदा लगेच डगमगतो. भाचा दोन पावसाळ्यांत स्टुलापर्यंत पोचला. मी अजून कट्ट्यावरच आहे, त्यात आता लाईट जायची कमी झालीय.