घोड्यांची मोठी गाडी चालवायची आहे? लायसन कोणतं लागतं ते आधी पाहा

मार्गशीर्ष जवळ आला की नाशिक, येवला, मालेगावकडचे घोडेवाले नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजाराची तयारी करू लागतात. नाल, खोगीर, चारा सगळं वेळेवर होतं. गाडी कोण चालवणार हे मात्र आदल्या रात्री ठरतं आणि ज्याला चालवता येते त्याच्या हाती चावी जाते. त्याच्या लायसनवर ती गाडी बसते का, हे कुणी पाहत नाही. तेवढंच आधी पाहून घ्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सुरुवात गाडीच्या आरसी बुकापासून करा. त्यात 'सकल वाहन वजन' म्हणजे भरलेल्या गाडीचं कमाल वजन दिलेलं असतं. 7,500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनात मोडते. त्यापुढे 12,000 किलोपर्यंत मध्यम आणि त्याहून जास्त असेल तर जड. दोन घोडे नेणारी पिकअप हलक्यातच येते. पाच-सहा घोड्यांसाठी आयशर किंवा मोठा ट्रक घेतलात तर आकडा नीट वाचा, कारण एकाच कंपनीच्या दिसायला सारख्या गाड्यांपैकी एक 7,500 किलोच्या अलीकडे असते, तर दुसरी पलीकडे.

आता लायसन. साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसनवर 7,500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालते का, यावर वर्षानुवर्षं वाद होता. अपघात झाला की विमा कंपन्या हाच मुद्दा पुढे करायच्या. 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो मिटवला: चालते, लायसनवर मालवाहू गाडीसाठी वेगळ्या 'ट्रान्सपोर्ट' शेऱ्याची गरज नाही. छोट्या घोडेमालकांना यामुळे मोठा आधार मिळाला आहे.

मागे ट्रेलर जोडायचा असेल तर इंटरनेटवरचे अमेरिकेचे नियम वाचून गोंधळू नका. तिथे गाडी आणि ट्रेलरचं मिळून वजन 26,001 पौंड किंवा त्याहून जास्त झालं आणि त्यात ट्रेलर 10,000 पौंडांहून जड असला की व्यावसायिक लायसन लागतं. आपल्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरसाठी लायसनचा असा स्वतंत्र वर्ग दिलेला नाही. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टरचं लायसन बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्येच सांगितलं आहे. ट्रेलरची नोंदणी मात्र असायलाच हवी. घरी वेल्डिंग करून बनवलेला बिननोंदणीचा ट्रेलर हायवेवर आणू नका, त्यातल्या मुक्या जनावराचा तरी विचार करा.

गाडी 7,500 किलोच्या पुढची असेल तर हेवी लायसन काढावं लागतं. वय किमान 20 आणि हातात एलएमव्ही लायसन येऊन एक वर्ष झालेलं हवं. सारथी या सरकारी लायसन पोर्टलवर शिकाऊ लायसनसाठी अर्ज करा, डॉक्टरांकडून नमुना 1-अ हा वैद्यकीय दाखला भरून घ्या. मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलमध्ये रीतसर शिका, कारण त्यांचा नमुना 5, म्हणजे शिकल्याचा दाखला जोडावाच लागतो. शिकाऊ लायसन सहा महिने चालतं आणि 30 दिवसांनंतर पक्क्या परीक्षेला बसता येतं. नाशिकच्या एमएच-15 वाल्यांना त्यासाठी पेठ रोडचं आरटीओ गाठावं लागतं, मालेगावकडच्यांचं कार्यालय एमएच-41 आहे. मिळालेलं लायसन पाच वर्षांचं असतं. हे सगळं पाहता दिवाळीनंतर धावाधाव करून डिसेंबर साधणार नाही, पावसाळ्यातच अर्ज करा.

लायसन हाती आलं तरी घोडा नेण्याचे नियम वेगळेच आहेत. प्राणी वाहतुकीचे 1978 चे नियम आणि मोटार वाहन नियम मिळून बरंच काही सांगतात. एका गाडीत जास्तीत जास्त चार ते सहा घोडे. प्रत्येकाला सव्वादोन चौरस मीटर जागा. दोन घोड्यांमध्ये किमान 8 सेंटिमीटर जाडीचा बांबू, बाजूंना गादी, मागे दोन भक्कम आडवे दांडे. तोंडं डावीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांना घोडे बुजत नाहीत. सोबत एक माणूस आणि प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला.

वेगाची मर्यादा ताशी 35 किलोमीटर. हायवेवर हा वेग फारच कमी वाटेल, पण साडेतीनशे-चारशे किलोचा घोडा चार पायांवर तोल सांभाळत उभा असतो. चांदवडच्या पुढे राहुड घाटात एक जोराचा ब्रेक लागला की तो गुडघ्यांवर येतो आणि मग पाय जातो. म्हणून नुसता लायसनवाला ड्रायव्हर पुरत नाही, हळू चालवण्याचा धीर असलेला शोधा. सारंगखेड्याच्या वाटेवर नाशिक ते धुळे हेच साधारण दीडशे किलोमीटर आहे. या वेगाने चार तास सहज जातात, वर पाणी पाजायला थांबण्याचा वेळ धरा आणि पहाटे अंधार असतानाच निघा.