झुकिनीची कोवळी फळं टोकाला सडतात, तो रोग नाही: सकाळची फवारणी बंद करा

नागपूर भागात उन्हाळी झुकिनी, म्हणजे चप्पन कद्दू, लावायची वेळ १५ जानेवारी ते ५ फेब्रुवारी. त्यानंतर लावलेलं पीक फुलावर येतं तोवर पारा ३८ ओलांडतो. मग नर फुलंच जास्त लागतात आणि त्यातले परागकणही उन्हाने निकामी होतात. उशिरा लावण्यापेक्षा न लावलेलं बरं.

पण वेळेवर लावलेली वावरंही दरवर्षी एकाच कारणाने जातात. मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोन-तीन इंचांचं फळ टोकाकडून पिवळं पडतं, मऊ होतं, सुकतं, मग त्यावर बुरशी चढते. शेतकरी फळ घेऊन कृषी केंद्रात जातो. तिथून एक बुरशीनाशक, एक बोरॉन, एक कॅल्शियम आणि वर ‘सेटिंग’चं, म्हणजे फळ धरण्याचं, टॉनिक मिळतं. ते सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, ऐन फुलं उघडी असताना फवारलं जातं. आणि सड वाढते.

कारण साधं आहे. त्या फळाला पराग मिळालेला नाही. झुकिनीचं फूल पहाटे उघडतं आणि नऊ-दहापर्यंत मिटतं, ते कायमचंच. पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्याने उडत नाही. मधमाशी आठ-दहा वेळा फुलात उतरली तरच फळ सरळ भरतं. त्याच तीन तासांत फवारणीचा पंप चालवला की मधमाश्या मरतात किंवा फिरकत नाहीत. दुपारी फवारलं तरी इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झामसारखी आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारी, औषधं पराग आणि मधात उतरतात. ठिबकमधून सोडली तरी उतरतात. कळी दिसल्यापासून ही दोन्ही औषधं झुकिनीच्या वावरात नकोत.

हे पीक मूळ मेक्सिकोचं. ओआहाका भागातल्या गुहेत सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या बिया मिळाल्या आहेत. लांब, गुळगुळीत झुकिनी हे रूप पुढे इटलीत घडलं. अमेरिकेत भोपळवर्गाच्याच फुलांवर जगणाऱ्या, एकट्याने राहणाऱ्या मधमाश्या आहेत, त्या उजाडायच्या आधीच कामाला लागतात. आपल्याकडे त्या नाहीत. इथे हे काम सातेरी, फुलोरी, आग्या या मधमाश्या करतात.

औषध आणण्याआधी ही परीक्षा करा. सकाळी सात वाजता १० मादी फुलं निवडा (फुलाखाली इवलं फळ असतं ते मादी, नुसता लांब देठ असतो ते नर). नर फूल तोडा, पाकळ्या काढा, आतला पिवळा दांडा मादी फुलातल्या टोकाच्या सगळ्या भागांवर हलके घासा. एका नर फुलावर दोन-तीन मादी होतात. एकाच बाजूला लागलं तर फळ वाकडं येतं. देठाला दोरा बांधा. चार-पाच दिवसांनी दोऱ्याची फळं वाढली आणि शेजारची सडली, तर बुरशीनाशकाचे पैसे वाचले. कॅल्शियमच्या कमतरतेचा डाग वेगळा असतो: भरत चाललेल्या फळाच्या टोकाला तपकिरी, चामड्यासारखा, आत दबलेला. त्याचंही मुख्य कारण बहुतेक वेळा पाण्याची अनियमितता असते.

सुरुवातीची नर फुलं गळतात ती गळू द्या. ती गळायचीच असतात, त्यावर औषध घेऊ नका.

लागवड:
- जमीन निचऱ्याची. काळ्या भारी वावरात फूटभर उंच गादीवाफा
- अंतर १ मीटर × ५० सेंमी, एकरी सुमारे ८,००० झाडं
- बियाणं टोकून दीड ते दोन किलो. थंडी जास्त असेल तर ट्रेमध्ये रोपं, दोन खऱ्या पानांवर लावणी
- शेणखत ८ ते १० टन, नत्र-स्फुरद-पालाश ४०:२०:२० किलो एकरी (युरिया ८७, सिंगल सुपर १२५, पोटॅश ३३ किलो); युरिया तीन हप्त्यांत
- मल्चिंग पेपरची चंदेरी बाजू वर. मावा, पांढरी माशी कमी बसते
- पिवळे चिकट सापळे आणि फळमाशीसाठी क्यू-ल्युअर (नर माशीला ओढणाऱ्या गंधाचे) सापळे

वाण: पुसा अलंकार लवकर येतो, ४५-५० दिवसांत तोडा. पंजाब चप्पन कद्दू-१ विषाणू आणि भुरी (पानांवर पांढरी पूड चढते तो रोग) बऱ्यापैकी सोसतो. ऑस्ट्रेलियन ग्रीन, पिवळा अर्ली येलो प्रोलिफिक आणि चपटा पॅटी पॅन हे जुने सरळ (संकरित नसलेले) वाण. महागडं पिवळं संकरित बियाणं घेण्याआधी नागपूरच्या कळमना बाजारात ते फळ कोण उचलतं, हे विचारून या.

लाल भुंगेरे दोन पानांवर असताना रोप संपवतात. पहाटे ते सुस्त असतात, तेव्हा वेचा. त्यासाठी पांढरं क्रॉप कव्हर घातलं असेल तर पहिलं मादी फूल दिसताच काढा. कव्हर फुलावर राहून सगळा पहिला बहार सडलेली वावरं कमी नाहीत.

फवारावंच लागलं तर संध्याकाळी सहानंतर. मावा, पांढऱ्या माशीवर ५ टक्के निंबोळी अर्क. भुरीवर पाण्यात मिसळणारं गंधक २ ग्रॅम प्रतिलिटर, पण पारा ३२ च्या वर जात असेल तर नको, पानं करपतात. अवकाळी पाऊस किंवा गारा पडल्या की दुसऱ्या सकाळी पंप काढायची घाई होते, तीच आवरा. ढगाळ सकाळी मधमाश्या येत नाहीत, त्या दिवशी हाताने पराग द्या. दोन मजूर, साडेसहा ते नऊ.

मधमाश्यांसाठी एकरी एक-दोन पेट्या, फुलं सुरू झाल्यावर आणा, आधी नको. धुऱ्यावर (बांधावर) मोहरी, कोथिंबीर, बडीशेप डिसेंबरातच पेरा. मार्चमध्ये उथळ टोपल्यात पाणी आणि खडे ठेवा. काटोल, कळमेश्वरकडे शेजारी संत्र्याचा आंबिया बहार फुलला असेल, तर मधमाश्या तिकडे ओढल्या जातात असं दिसतं. हे मोजलेलं नाही, पण अशा वावरात हाताने पराग देण्याची तयारी ठेवा. संत्रेवाल्याशी बोलून ठेवा, त्याची सकाळची फवारणीही तुमच्या मधमाश्या मारते. गुळाचं पाणी फवारू नका. मधमाश्या पानं चाटतात, मुंग्या वाढतात, फूल तसंच राहतं.

फळ १५ ते २० सेंमीचं झालं की एक दिवसाआड तोडा, चाकूने, देठ थोडा ठेवून. एक फळ झाडावर जून झालं की नवी फळधारणा मंदावते. फवारणी झालीच असेल तर लेबलवर दिलेले दिवस गेल्याशिवाय तोडणी नाही. एक दिवसाआड तोडावं लागणारं हे पीक आहे, तेवढे दिवस सुटणं अवघड. म्हणून फुलं लागल्यावर निंबोळी आणि गंधकाच्या पुढे जाऊ नका. चव कडू लागली तर ते फळ बाजारात पाठवू नका, घरीही खाऊ नका.