पक्षकार नसताना कोर्टाची नक्कल कशी काढायची

देवगडची आंब्याची बाग किंवा राजापूरकडचं सामायिक घर घ्यायचं तर नुसता सातबारा पुरत नाही. त्यावर वाटणीचा दावा होऊन गेला असेल तर निकालपत्र आणि हुकूमनामा (कोर्टाने शेवटी काय ठरवलं त्याचा औपचारिक आदेश) पाहायलाच हवा. तुम्ही त्या दाव्यात तिऱ्हाईत असलात तरी नक्कल मागता येते.

आधी ई-कोर्ट्सच्या साइटवर पक्षकाराच्या नावाने शोधा आणि सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर, म्हणजे त्या प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, उतरवून घ्या. तिथला निकाल वाचायला ठीक. पुरावा म्हणून सही-शिक्क्याचीच नक्कल चालते. जुना दावा साइटवर नसेल तर साल आणि पक्षकारांची नावं घेऊन कोर्टात नोंदवही बघावी लागते.

अर्जात ‘संपूर्ण फाइल’ असं लिहू नका, तिथेच अडतं. निशाणीवार, म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक कागदाला दिलेल्या क्रमांकाने (नि.) मागा: वादपत्र (वादीचा मूळ दावा) नि. १, मनाईचा अर्ज बहुधा नि. ५, मग कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), निकालपत्र, हुकूमनामा. सोबत कारणाचं प्रतिज्ञापत्र जोडा. ‘माहितीसाठी’ हे कारण लंगडं. ‘सदर मिळकत खरेदी करणार असून तिच्या हक्काची खात्री करणेकामी नकलेची आवश्यकता आहे’ असं स्पष्ट लिहा. कोणी हजर केलेला खाजगी दस्त मागितलात, तर त्या पक्षकाराला नोटीस निघू शकते.

कणकवलीच्या निकालावर अपील झालं असेल तर मूळ रेकॉर्ड ओरोसला, सिंधुदुर्गच्या जिल्हा न्यायालयात गेलेलं असतं. ते कुठे आहे हे विचारूनच अर्ज द्या, नाहीतर चाकरमान्याची गणपतीची सुट्टी हेलपाट्यांत संपते. माहिती अधिकाराचा अर्ज इथे उपयोगाचा नाही: न्यायालयीन कागद कोर्टाच्या नियमांनीच मागावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवलं आहे.

पक्षकाराने अपिलासाठी नक्कल काढली असेल तर तिच्यावरच्या तारखा बघाव्यात. जिल्हा न्यायालयातल्या अपिलाला ३० दिवस. अर्ज ५ जूनला आणि नक्कल तयार २० जूनला, तर मधले दिवस मुदतीतून वजा होतात. पण ती १० जुलैला उचलली, तर २० जूननंतरचे दिवस त्या पक्षकाराच्याच खात्यावर.

काही कागद मात्र बंदच. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे घटस्फोटासारखी कामं बंद दालनात चालतात. लैंगिक अत्याचार आणि पोक्सोच्या (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) खटल्यांत पीडितेची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे.

दिवाणी दाव्यात तुम्ही स्वतः पक्षकार असाल आणि तुम्हालाच काही झाकायचं असेल, तर अख्खं प्रकरण मोहोरबंद करायला मागू नका. खुलं कोर्ट हा नियम आहे, त्यामुळे असा अर्ज सहसा टिकत नाही. अमुक निशाणीचं वैद्यकीय प्रमाणपत्र, अमुक पानावरचा खाते क्रमांक, एवढंच मागा आणि उघड झाल्यास नुकसान काय ते लिहा. आदेशात ‘संकेतस्थळावरील प्रतीतही नाव झाकावे’ हे वाक्य हट्टाने घालून घ्या. ते घालायचं राहून गेलं, तर कागद लिफाफ्यात बंद आणि नाव मात्र साइटवर.