अवघड विषय काढायचाय? पहिलं वाक्य आधी लिहून काढा

समोरच्याला आधी विचारून वेळ ठरवा, तिसरं कुणी नको, आणि हे काम मेसेजवर उरकू नका. एवढं सगळ्यांना कळतं.

खरी गोची असते ती तोंड उघडण्याची. 'आधी कौतुक, मग मुद्दा, मग पुन्हा कौतुक' हा सल्ला ऐकला की आता माझं डोकं उठतं. एका सहकाऱ्याचं काम सारखं उशिरा यायचं, तेव्हा मी हा सल्ला तंतोतंत पाळला. पंधरा मिनिटं गोडगोड बोललो. तो खूश होऊन उठला आणि पुढचं कामही उशिराच आलं. मग मी चिडून सुरुवातच केली, "तुला कशाचं काही पडलेलंच नाही!" झालं, उशीर राहिला बाजूला. त्याला पडलेलं आहे की नाही, यावरच तासभर जुंपली.

सुरुवातीला इतकं महत्त्व उगाच देत नाही. कॅरेर आणि गॉटमन या संशोधकांनी १२४ नवविवाहित जोडप्यांचे वाद तपासले होते. १९९९ साली छापलेल्या त्या अभ्यासात पहिल्या तीन मिनिटांवरूनच पुढच्या घटस्फोटाचा अंदाज बांधता आला.

म्हणून वाक्य कागदावर लिहा. काय घडलं, माझं काय अडलं, आणि एक खराखुरा प्रश्न. 'नेहमी', 'कधीच' खोडा. स्वभावावरची विशेषणंही खोडा. 'बेजबाबदार' म्हटल्यावर आजवर कुणी 'हो, आहे खरा' म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. उरतं ते असं: "गेल्या दोन्ही वेळी फाइल ठरल्या दिवसानंतर आली, मला रात्री जागून काम संपवावं लागलं. कुठे अडतंय?"

आणि मग गप्प बसा. ही शांतता फार जड जाते. 'तसं फार काही नाही म्हणा' असं जिभेवर येईल. ते मी बोलून बसलोय, आणि समोरच्याने तेवढंच धरून ठेवलं.

तो बोलला की त्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत त्याला सांगून बघा. चुकलात तर तोच दुरुस्त करेल.

छाती धडधडायला लागली, तर थांबा. निदान वीस मिनिटं तरी. मात्र परत कधी बसायचं ते सांगूनच उठा, नाहीतर ते पळून जाणं दिसतं.

शेवटी कोण काय करणार आणि कधीपर्यंत, हे दोघांनीही मोठ्याने म्हणा. मी तर तिथेच लिहून घेतो.