जॉब, जॉबवर्क, जॉब कार्ड: मशीन शॉपमध्ये काम घेण्याआधी

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नव्यानं कामाला लागलेल्या पोराच्या कानावर पहिल्याच पाळीत ‘जॉब बांध’, ‘जॉब गेला’, ‘जॉब कार्ड भर’ आणि ‘जॉबवर्कचं चलन आण’ अशी वाक्यं पडतात. घरी ‘जॉबला लागला’ म्हणतात तो नोकरीचा अर्थ यातल्या एकाही वाक्यात नाही.

लेथवाल्याचा जॉब म्हणजे चकात (मशीनच्या फिरत्या पकडीत) बांधलेला नग. मग ते कास्टिंग (ओतीव नग) असो, फोर्जिंग (ठोकून घडवलेला नग) असो की कापलेला बार. ‘जॉब गेला’ म्हणजे तो नग माप ओलांडून भंगारात गेला. जॉब कार्ड हा त्या लॉटचा कागद: ड्रॉइंग नंबर, ऑपरेशन नंबर, किती नग आले, किती झाले, कुणी केले. (रोजगार हमीचं जॉब कार्ड निराळं, आणि गाडीच्या सर्व्हिस सेंटरमधलं आणखी निराळं.) जॉबिंग फाउंड्री म्हणजे एकाच पार्टचं मोठं उत्पादन न धरता येईल त्या पॅटर्नचे (साच्यासाठीच्या नमुन्याचे) थोडेथोडे नग ओतून देणारी फाउंड्री. आणि जॉबवर्क म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीनं केलेलं काम. माल त्याचा, मशीन आणि मेहनत आपली.

हा घरचा शब्द परदेशी ग्राहकाच्या मेलमध्ये मात्र तसाच घालू नका. ‘फिफ्टी जॉब्ज रिजेक्टेड’ वाचून तिकडचा माणूस पन्नास कामं किंवा पन्नास ऑर्डरी नाकारल्या असं समजेल. तिथं ‘पार्ट्स’ किंवा ‘कास्टिंग्ज’ लिहा, मशीनवर बांधलेल्या नगाला ‘वर्कपीस’. ‘वर्क’चं अनेकवचन करून ‘मेनी वर्क्स पेंडिंग’ लिहायची सवयही मोडायला हवी. काम या अर्थानं ‘वर्क’ मोजत नाहीत, ‘जॉब’ मोजतात.

आता मूळ मुद्दा, जॉबवर्क घेण्याचा.

दर सांगण्याआधी एक तरी रफ कास्टिंग हातात घ्या. नुसत्या ड्रॉइंगवर दर देणारा पुढं रडतो. नग वजन करा, मशीनिंगला किती माल ठेवलाय ते दोन-तीन ठिकाणी मोजा. दर बाजूला दोन-तीन मिमी असेल तर ठीक. एके ठिकाणी चार आणि समोर एक निघत असेल तर मोल्ड (साचा) किंवा कोअर (आतल्या पोकळीचा गाभा) सरकलाय, आणि एका बाजूला काळं (न कापलेलं) राहणार हे आधीच कळतं. पातळ कडा आणि कोपरे फाइलनं घासून बघा. फाइल घसरली तर तिथं बीड चिल झालंय (पटकन थंड होऊन कडक पडलंय) आणि इन्सर्ट (कापणारी बदलती टीप) तिथंच संपणार.

दराचं गणित साधं आहे, पण लोक अर्धंच करतात. समजा मशीनचा तासाचा दर ४०० रुपये धरला. कटिंग ४ मिनिटं, नग चढवायला-उतरवायला १ मिनिट. कागदावर तासाला १२ नग होतात. चहा, इन्सर्ट बदलणं, गेज (माप तपासायचं साधन) लावणं, लाइट जाणं धरून ८५ टक्केच पकडा, म्हणजे १०. नगामागं ४० रुपये झाले. त्यात टूल घाला: २४० रुपयांच्या सीएनएमजी प्रकारच्या इन्सर्टला वापरण्याजोगे चार कोपरे, म्हणजे कोपरा ६० रुपयांचा. एका कोपऱ्यात ४० नग निघाले तर दीड रुपया. फिक्स्चर (नग धरून ठेवणारी रचना), गेज, वाहतूक आणि आपल्या हातून जाणारे नग वेगळे धरायचे. सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) दुसऱ्यानं सांगितलेला घेऊ नये, स्वतः पाच नग काढून घड्याळ लावावं.

ऑर्डरमध्ये तीन गोष्टी लेखी हव्यात. पहिली, रिजेक्शनचा हिशोब. ब्लो होल (हवेची पोकळी), सँड (अडकलेली वाळू), हार्ड स्पॉट (कडक ठिकाण) यामुळं गेलेला नग कास्टिंग रिजेक्शन, म्हणजे सीआर, तो फाउंड्रीच्या माथी. मापात गेलेला मशीनिंग रिजेक्शन, म्हणजे एमआर, तो आपल्या माथी. भांडण होतं ते शेवटच्या ऑपरेशनला ब्लो होल उघडा पडतो तेव्हा: आधीच्या तीन ऑपरेशनची मजुरी मिळणार की नाही? हे काम सुरू व्हायच्या आधी ठरतं, नंतर फक्त आवाज चढतात. दुसरी, एमआर नगाचे पैसे किती कापणार, कास्टिंगचे की तयार पार्टचे. तिसरी, बोरिंग (कापताना पडणारा धातूचा चुरा) कुणाचं. नगामागं दीड किलो बोरिंग पडत असेल तर हजार नगांना दीड टन होतं. पुष्कळ ठिकाणी मजुरी कमी दिसते ती बोरिंग जॉबवर्करकडं राहतं म्हणूनच. जीएसटी नोंदणी असलेल्या जॉबवर्करला ते कर लावून आपल्या जागेतून थेट विकता येतं. नोंदणी नसेल तर मालाचा मालक विकतो.

मशीनवर पहिला नग पास करून घेतल्याशिवाय लॉट सोडायचा नाही. बांधताना पार्टिंग लाइनवर (साच्याच्या सांध्याच्या रेषेवर), रायझर-इनगेटच्या (धातू आत यायच्या वाटांच्या) खुणेवर चकाचा जॉ (पकडणारा दात) येऊ देऊ नका. तिथं नग डुलतो. पहिला कट कास्टिंगच्या कातडीच्या खालून जाईल इतका खोल घ्या. वरवर खरडलं तर इन्सर्टची धार वाळूमिश्रित कडक थरावरच घासत राहते आणि दोन नगांत संपते.

पातळ रिंगचा बोअर (आतलं भोक) ही खास डोकेदुखी. तीन जॉच्या चकात घट्ट आवळून बोअर केला की चकात तो गोलच असतो. चक सोडला की रिंग मूळ आकारात यायला बघते आणि बोअर तीन ठिकाणी लचकतो. त्यावर दोन टोकांचा बोअर गेज लावला तर तो फसवतो, कारण अशा आकारात समोरासमोरचं माप जवळपास सगळीकडं सारखंच येतं. ग्राहकाकडं मात्र प्लग गेज (ठरल्या मापाचा दांडा) जात नाही. म्हणून नग चकातून सोडून मोजा, तीन टोकांच्या गेजनं किंवा प्लग गेजनं. सॉफ्ट जॉ (कापून घेता येणारे मऊ जॉ) वापरा, ते नगाच्याच व्यासाला बोअर करून घ्या आणि फिनिश कटला चकाचं प्रेशर कमी करा. गरम नगही मोजू नका: १०० मिमीचा बिडाचा नग १० अंशांनी गरम असेल तर साधारण ०.०१ मिमी मोठा दिसतो. ०.०२ मिमीच्या टॉलरन्समध्ये (चालणाऱ्या फरकात) हे अर्धं खाल्लं.

कागद. जॉबवर्कला येणारा माल डिलिव्हरी चलनावर येतो, त्याच्या तीन प्रती. मूळ प्रत माल घेणाऱ्याला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी पाठवणाऱ्याकडं. नगांबरोबर वजनही लिहून घ्या, कारण बोरिंगचा वाद त्यावरच सुटतो. माल परत पाठवताना आपल्या चलनावर मूळ चलनाचा नंबर घालून चार ओळी वेगळ्या लिहा: ओके, सीआर, एमआर, न केलेले. सगळे एका आकड्यात दिले की वर्षअखेरीला हिशोब जुळत नाही. जीएसटीच्या नियमानं कच्चा माल एका वर्षाच्या आत परत गेला नाही, किंवा आपल्याच जागेतून पुढं विकला गेला नाही, तर पाठवल्या दिवसापासून ती विक्री समजली जाते आणि कराचा बोजा मालकावर येतो. यंत्रसामग्रीला ही मुदत तीन वर्षं आहे. डाय, मोल्ड, जिग, फिक्स्चर आणि टूलला ती लागूच नाही. आपल्या बिलात कर फक्त मजुरीवर लागतो, मालाच्या किमतीवर नाही.

ई-वे बिलात (जीएसटीखाली माल नेताना ऑनलाइन काढायच्या कागदात) कोल्हापूरकर हमखास चुकतात. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या आतल्या मालाला ते लागत नाही. पण कागल ओलांडलं की निपाणी कर्नाटकात, आणि दुसऱ्या राज्यात जॉबवर्कला माल जाताना किंमत कितीही असो, ई-वे बिल लागतंच. बेळगावला पाच हजारांचे चार नग ग्राइंडिंगला नेणाऱ्या टेम्पोलाही.

पैशाचं शेवटी, कारण तो विषयही शेवटीच निघतो. उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघू, मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) काम सुरू करण्याआधीच करून ठेवा. नंतर काढलेल्या नोंदणीवर वाद होतो. सूक्ष्म आणि लघू उद्योगाला २००६ च्या कायद्यानं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज. २०२३-२४ पासून अशी मुदतीबाहेर थकलेली रक्कम देणाऱ्याला आयकरात त्या वर्षीचा खर्च म्हणून धरता येत नाही, ती वजावट ज्या वर्षी पैसे देईल त्या वर्षी मिळते. त्यामुळं मार्च जवळ आला की पैसे देणाऱ्याच्या अकाउंट्स विभागाचाच फोन येतो. उद्यम नंबर बिलावर छापलेला असेल तरच.